रूलेटेनबुर्गची आजी आणि मांडवीवरचे दिवे

गोव्यावर मराठीत पुष्कळ लिहिले गेले आहे. तेथील देवळे, चर्चे, माडांच्या राया, होड्या, मासळी, तेथली कोकणी आणि तेथले संगीत यांच्यावर आपल्या प्रवासवर्णनकारांनी मनापासून प्रेम केले. अलीकडे या लेखनाला एक नवी फांदी फुटली आहे. तिला आम्ही 'मित्राबरोबर दोन दिवस' असे नाव देतो. शुक्रवारी रात्री बस धरायची, शनिवारी पणजीत उतरायचे, दुपारी झोप काढायची आणि दिवेलागणीनंतर धक्क्यावरून छोट्या बोटीत बसून मांडवीत नांगरून ठेवलेल्या एखाद्या कॅसिनोच्या जहाजावर जायचे. रात्र तेथेच जाते. रविवारी समुद्रात डुंबून परत निघायचे. ही हकिकत क्वचित छापून येते. बहुधा ती तोंडीच सांगितली जाते. लग्नाच्या मांडवात, साखरपुड्याच्या जेवणानंतर आणि आता तर रविवारच्या मिस्सेनंतर चर्चच्या आवारातही ती आमच्या कानी पडते. श्रीरामपूर, राहाता, संगमनेर, राहुरी या पट्ट्यातील कोणत्याही धर्मग्रामात वीस-पंचवीस वर्षांच्या मुलांच्या घोळक्याशेजारी थोडा वेळ उभे राहावे. वाचकांना आमचे म्हणणे पटेल.

तोंडी सांगितली जाते म्हणून ही हकिकत वाङ्मयाच्या कक्षेबाहेर पडते, असे आम्ही मानत नाही. तिला घाट आहे, ठरलेली पात्रे आहेत, ठरलेला शेवट आहे. ज्या गोष्टीला घाट असतो तिचे समीक्षण करता येते, आणि जी गोष्ट ऐकून दुसरा माणूस बसचे तिकीट काढतो तिचे समीक्षण करणे तर आवश्यकच होय.

या हकिकतीत निवेदक नेहमी भोळा असतो आणि मित्र जाणता. जाण्याची कल्पना मित्राची, ओळख मित्राची, पहिले नाणे कोठे ठेवायचे हेही मित्रच सांगतो. मग गालिचे, दिवे, फुकट मिळणारे जेवण (ते फुकट नसते, प्रवेशशुल्कात धरलेले असते, पण हकिकतीत ते फुकटच असते), पेये, नाचगाणे. त्यानंतर एक लहानसा विजय. विजयाचा आकडा रुपयापर्यंत अचूक सांगितला जातो. पुढे येते ते हरणे, आणि त्याला आकडा नसतो. 'थोडेफार गेले', 'जेवढे नेले होते तेवढे ठेवून आलो', असे हसत हसत म्हटले जाते. या एकाच विसंगतीवरून आम्ही म्हणतो की ही हकिकत वाङ्मय म्हणून कच्ची आहे. ज्या निवेदकाला एक आकडा पाठ असतो आणि दुसरा आठवत नाही, तो काही सांगत नसून झाकत असतो. झाकणे हाही कथनाचा एक मार्ग आहे; परंतु झाकले आहे हे लेखकाला ठाऊक असावे लागते.

ज्या ठिकाणाविषयी ही हकिकत बोलते, त्याच्याविषयी ती काय सांगत नाही तेही पाहिले पाहिजे. गोव्यात जुगाराला बंदी घालणारा कायदा १९७६ सालचा आहे. त्याच कायद्याला १९९२ मध्ये दुरुस्ती करून पंचतारांकित हॉटेलांत यंत्रांवरच्या खेळाला वाट करून देण्यात आली, आणि १९९६ च्या दुरुस्तीने पाण्यावरच्या जहाजांवर पट मांडण्याची सोय झाली. म्हणजे बंदीचा कायदा तसाच राहिला आणि त्याच्या पोटात परवानगीचे कलम वाढत गेले. योगायोग असा की, त्याच १९७६ साली महाराष्ट्रानेही कॅसिनोंवर नियंत्रण व कर बसवण्याचा कायदा केला होता. तो कधीच अमलात आला नाही, आणि २०२३ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने तो रद्द करण्याचे ठरवले. आपल्या राज्याने दार बांधले, पण उघडले नाही. शेजाऱ्याचे दार रात्रभर उघडे असते आणि आपल्या जिल्ह्यापासून ते एका रात्रीच्या बसइतकेच दूर आहे.

आणखी एक गोष्ट आहे, आणि ती आम्हांला सर्वांत बोलकी वाटते. फेब्रुवारी २०२० पासून गोव्याच्या रहिवाशांना या कॅसिनोंत खेळायला मनाई करण्यात आली. ज्या सरकारच्या तिजोरीत या जहाजांचे शुल्क व कर जमा होतात, त्याने आपल्या माणसांसाठी हा खेळ बरा नाही असे ठरवले. बाहेरचा मात्र चालतो. तेव्हा श्रीरामपूरच्या मुलाचे धक्क्यावर हसून जे स्वागत होते, ते पाहुण्याचे असते असे समजू नये. पाहुण्याला आपण घरचे अन्न वाढतो. जे घरच्यांना वाढायचे नाही असे ठरले आहे तेच ज्याच्या पानात वाढले जाते, त्याला आपल्या भाषेत दुसरा शब्द आहे. तो शब्द 'मित्राबरोबर दोन दिवस' या प्रकारात आम्हांला कधी आढळला नाही.

चक्राचा हिशेबही अवघड नाही. रूलेटच्या चक्रात १ ते ३६ आणि शून्य मिळून ३७ घरे असतात. समजा, कोणी सावधपणे प्रत्येक घरावर शंभर रुपये ठेवले. पटावर ३,७०० रुपये गेले. गोळी कोणत्याही घरात पडो, त्या घराचे पस्तीसपट म्हणजे ३,५०० आणि मूळचे शंभर असे ३,६०० रुपये परत येतील. सगळी घरे आपली करूनही शंभर रुपये कमीच! काही चक्रांत दोन शून्ये असतात. तेथे तूट दुप्पट होते. कोणी कोणाला फसवत नाही, चक्र वाकडे नसते, पट चालवणारा मुलगा प्रामाणिक असतो. नुकसान प्रामाणिकपणाने होते. मित्राला हे माहीत नसते असे नाही. पण हा हिशेब सांगितला तर हकिकत तिसऱ्या वाक्यातच संपेल.

आता ज्या कादंबरीच्या शेजारी ही हकिकत आम्हांला ठेवायची आहे तिच्याकडे वळू. फ्योदोर दोस्तोयेव्हस्कीची 'जुगारी' १८६६ सालची आहे. ती त्याने ऑक्टोबर महिन्यात सव्वीस दिवसांत सांगून लिहवली. प्रकाशकाशी झालेला करार असा होता की, १ नोव्हेंबरपर्यंत नवी कादंबरी हाती पडली नाही, तर पुढील नऊ वर्षे लेखकाचे लेखन मोबदल्याविना छापण्याचा हक्क प्रकाशकाला मिळेल. लेखक कर्जात होता, आणि त्या कर्जाला जर्मनीतल्या जुगारगृहांनीही हातभार लावला होता. म्हणजे जुगारावरची ही कादंबरी स्वतःच एका पैजेच्या अखेरच्या तारखेशी धावत लिहिली गेली. लघुलिपीत ती उतरवून घेणारी वीस वर्षांची तरुणी, आन्ना ग्रिगोर्येव्हना, पुढच्या वर्षी त्याची पत्नी झाली.

कादंबरीतील गाव काल्पनिक आहे: रूलेटेनबुर्ग. चक्राच्याच नावाचे गाव. उत्तम हॉटेले, बागा, वाद्यवृंद, आरोग्याला मानवणारे पाणी, आणि गावाच्या मध्यभागी जुगारगृह. पाण्यासाठी आलेला माणूस चक्राकडे जातो, आणि मग पाणी विसरतो. सहलीचे गाव कसे असते हे दोस्तोयेव्हस्कीने दीडशे वर्षांपूर्वी जे हेरले, ते पणजीच्या धक्क्यावर उभे राहिलेल्याला आजही ओळखू येईल. निवेदक आलेक्सेय हा एका जनरलच्या घरचा शिक्षक. जनरल कर्जबाजारी आहे आणि मॉस्कोतील म्हाताऱ्या मावशीच्या मृत्यूची वाट पाहतो आहे. तिला घरात सगळे आजी म्हणतात. ती मेली का, हे विचारणाऱ्या तारांमागून तारा जातात. आणि एके दिवशी ती आजीच खुर्चीत बसून, नोकरांच्या खांद्यावरून, हॉटेलच्या पायऱ्या चढून समोर येते.

विश्वसाहित्यात इतका विनोदी आणि इतका भयंकर प्रवेश थोडाच असेल. पंचाहत्तर वर्षांची ही बाई फटकळ आहे, शहाणी आहे, तिला माणसे वाचता येतात. जनरलच्या भोवतीचे लबाड तिने पाहताक्षणी ओळखले. ती चक्र पाहायला जाते ती केवळ कुतूहलाने. शून्यावर इतके मिळते हे ऐकून हट्टाने शून्यावरच पैसे लावते, आणि शून्य येते! ती जिंकते, नोकरांना बक्षिसे देते, भिकाऱ्याला देते, सारे गाव तिच्या खुर्चीमागे चालते. मग ती पुन्हा जाते. पुन्हा जाते. रोख संपल्यावर कर्जरोखे पडत्या भावाने मोडले जातात. आलेक्सेय तिच्या शेजारी उभा राहून नाणी मांडतो, तिला अडवण्याचा क्षीण प्रयत्न करतो, शेवटी तिला नकार देतो. पण खेळात हात घालायला दुसरे टपलेलेच असतात.

या आजीविषयी एक गोष्ट आमच्या वाचकांनी विशेष ध्यानात घ्यावी. तिने आपल्या गावातील लाकडी चर्च पाडून दगडी बांधण्याचे वचन दिलेले आहे. सारे हरल्यावर तिला ते वचन आठवते: देवाला कबूल केलेले येथे उधळून बसले, आता जाऊन चर्च बांधते. हे वाक्य ज्या सुरात येते, त्यात ढोंग नाही आणि रडगाणेही नाही. रागावलेल्या म्हातारीचा तो सूर आहे. दोस्तोयेव्हस्की तिच्यावर प्रवचन झाडत नाही, तिला शिक्षाही देत नाही. परतीच्या प्रवासासाठी ती एका इंग्रज गृहस्थाकडून उसने पैसे घेते आणि निघून जाते. तिची घरे-गावे काही उरलेली असतात, म्हणून ती वाचते. ज्यांच्याजवळ असे काही उरणार नाही, त्यांची गोष्ट लेखक आलेक्सेयच्या वाट्याला ठेवतो.

आणखी एक सूक्ष्म गोष्ट. चक्राजवळ नसतानाही जनरल या काळात जुगारच खेळत असतो. फक्त त्याचा पैसा म्हातारीच्या मृत्यूवर लागलेला आहे. वारशाच्या सातबाऱ्यावर डोळा ठेवून बसलेली माणसे आपल्या तालुक्यांतही कमी नाहीत. जुगाराची व्याख्या पटापुरती ठेवली की असे कित्येक जण सुटतात. दोस्तोयेव्हस्की त्यांना सोडत नाही.

आता 'मित्राबरोबर दोन दिवस' आणि ही कादंबरी यांतला खरा फरक कोठे आहे? पुष्कळजण म्हणतील, एक गमतीची आणि दुसरी गंभीर. आम्हांला हे पटत नाही. 'जुगारी' ही अनेक ठिकाणी पोट धरून हसवणारी कादंबरी आहे. फरक आहे तो कालाचा. सहलीची हकिकत रविवारी संध्याकाळी संपते. कादंबरीही तशी संपवता आली असती: आलेक्सेय एका रात्रीत दोन लाख फ्रँक जिंकतो, येथे पडदा पाडला असता तर वाचक खूश होऊन उठला असता. परंतु लेखक पुढे जातो. ज्या पोलिनासाठी तो खेळला, ती त्यातले पैसे त्याच्या तोंडावर फेकते. उरलेले पॅरिसमध्ये उडतात. आणि मग अखेरचे प्रकरण एक वर्ष आठ महिन्यांनी सुरू होते. कर्जापायी तुरुंग, कोणाच्या तरी घरची चाकरी, आणि खिशातल्या शेवटच्या नाण्यावर मांडलेला उद्याचा दिवस. हे वर्ष आठ महिने हेच कादंबरीचे खरे कर्तृत्व आहे. सहलीच्या कथनात ते कधी येत नाहीत. कारण ते महिने चर्चच्या आवारात हसत सांगता येत नाहीत. ते पतपेढीच्या नोटिशीत असतात, मोटारसायकल अचानक दिसेनाशी होण्यात असतात, बहिणीच्या लग्नाची तारीख पुढे ढकलण्यात असतात.

मित्राच्या बाबतीतही कादंबरी हकिकतीला मागे टाकते. शेवटच्या प्रकरणात आलेक्सेयला तोच इंग्रज, मिस्टर ॲस्टली, भेटतो. हा गृहस्थ एका साखर कारखान्याचा भागीदार आहे, हे वाचताना साखरेच्या आपल्या जिल्ह्यातील वाचकाला थोडी गंमत वाटावी. तो आलेक्सेयला सारे खरे सांगतो, त्याच्यावर प्रेम करणारे कोणी आहे हेही सांगतो, आणि जाताना दहा सोन्याची नाणी देतो. मोठी रक्कम का देत नाही, तेही तोंडावर सांगतो: तू खेळ सोडून घरी जाशील अशी खात्री असती, तर कितीतरी अधिक दिले असते, आज तुला थोडे आणि फार सारखेच. मित्राने मित्राला असे बोलणे मराठी कथेत आम्ही फारसे वाचलेले नाही. आपल्या कथांतील मित्र एक तर प्राण देतात किंवा दगा देतात. मोजून दहा नाणी देत नाहीत.

आमच्या परंपरेत जुगाऱ्याचे चित्रण नाही असे मात्र कोणी समजू नये. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलात फाशांनी नादावलेल्या माणसाचा विलाप आहे. महाभारतातील द्यूत आणि नलाची कथा सर्वांना ठाऊकच आहे. पण आमचा कौल शूद्रकाच्या 'मृच्छकटिका'ला. गोविंद बल्लाळ देवलांनी ते नाटक मराठी रंगभूमीवर आणले, म्हणून त्याचे नाव घरोघरी पोचले. मूळ संस्कृत नाटकाचा दुसरा अंक मात्र फार थोड्यांनी वाचला असेल. त्यात संवाहक नावाचा एक अंग रगडणारा सेवक दहा सोन्याची नाणी हरतो आणि पळतो. जुगारगृहाचा चालक पाठलागावर आहे. संवाहक उलट्या पावलांनी एका ओसाड देवळात शिरतो, म्हणजे पावलांच्या खुणा बाहेर गेल्यासारख्या दिसाव्यात, आणि आत मूर्ती नाही असे पाहून स्वतःच मूर्ती होऊन उभा राहतो! पाठलाग करणारे आत येतात. त्यांना संशय येतो. ते मूर्तीला हलवून पाहतात. मूर्ती हलत नाही. मग ते काय करतात, तर तिच्यासमोर बसून फासे टाकू लागतात. फाशांचा आवाज कानी पडतो आणि मार सोसण्याइतका घट्ट उभा राहिलेला हा देव बोलून जातो. सापडतो.

मूर्तीच्या आसनावर उभा राहिलेला माणूस भीतीने हलत नाही, आणि फाशांच्या खुळखुळाटाने हलतो. जुगाराच्या ओढीविषयी इतके अचूक दुसऱ्या कोणी लिहिले असेल असे आम्हांला वाटत नाही, दोस्तोयेव्हस्कीनेही नाही. आणि शूद्रक हे हसवत हसवत सांगतो. पुढे दर्दुरक नावाचा दुसरा जुगारी चालकाच्या डोळ्यांत धूळ फेकून संवाहकाला पळू देतो. ही झाली एक मैत्री. नंतर वसंतसेना आपल्या हातातले कडे पाठवून त्याचे देणे फेडते. ही झाली दुसरी. धुळीने जीव वाचतो, कड्याने देणे फिटते. आणि देणे फिटल्यानंतरच संवाहक खेळ सोडून बौद्ध भिक्षू होतो. पश्चात्ताप आधी आणि कर्जफेड नंतर, अशी आपल्या उपदेशपर गोष्टींची नेहमीची मांडणी असते. शूद्रकाने क्रम उलटा लावला. कर्जाखाली दबलेल्या मुलाला 'आधी सुधार, मग पाहू' असे म्हणणाऱ्या वडीलधाऱ्यांनी हा अंक अवश्य वाचावा.

ख्रिस्ती संतचरित्रांतही संवाहकाचा एक भाऊ सापडतो. संत कमिल्लस दे लेल्लिस हा सोळाव्या शतकातील इटालियन सैनिक. जुगारात सर्वस्व गमावलेला, पायाला न भरणारी जखम झालेला. १५७५ मध्ये त्याचे जीवन पालटले, आणि पुढे त्याने रुग्णसेवेला वाहून घेतलेला संघ स्थापन केला. आज तो रुग्णांचा आश्रयदाता संत मानला जातो. परंतु आपल्याकडे संतचरित्रे ज्या पद्धतीने लिहिली जातात, त्यांत त्याचा जुगार एका ओळीत उरकला जातो आणि रुग्णसेवेला दहा पाने मिळतात. वाचकाला वाटते, संत होणाऱ्या माणसाचा जुगार वेगळा असावा. तो वेगळा नव्हता. ती एक ओळ दहा पाने करून लिहिणारा चरित्रकार आपल्याला हवा आहे.

चर्चची शिकवण या बाबतीत लोक समजतात तितकी सरधोपट नाही. १९९२ च्या धर्मशिक्षण ग्रंथातील २४१३ व्या परिच्छेदाचा आशय असा की, नशिबाचे खेळ वा पैजा स्वतःहून न्यायाविरुद्ध नाहीत. परंतु स्वतःच्या आणि दुसऱ्यांच्या गरजेसाठी जे लागते तेच त्यांच्यापायी हिरावले जाऊ लागले, की ते नैतिकदृष्ट्या अमान्य ठरतात, आणि खेळाची ओढ ही गुलामी होऊ शकते. प्रेषितांच्या कृत्यांत मथियाची निवड चिठ्ठ्या टाकूनच झाली, आणि योहानाच्या शुभवर्तमानात क्रुसाखाली बसलेल्या शिपायांनी बिनशिवणीच्या अंगरख्यासाठी चिठ्ठ्याच टाकल्या. साधन एक, प्रसंग दोन. दोन्हींत फरक पाडतो तो चिठ्ठी नव्हे, समोर कोण आहे आणि काय वाटून घेतले जात आहे, हा.

आमच्या सणांच्या संध्याकाळी रंगणारी हौजी आणि इमारतनिधीसाठी काढलेल्या सोडती यांच्याकडेही मग नीट पाहावे लागते. पाच-दहा रुपयांच्या तिकिटाने कोणाचे घर बुडत नाही, हे खरे. 'दोन छोटी बदके, बावीस' असे ओरडणाऱ्याभोवती आजोबा-नातवंडे एकत्र हसतात, हेही खरे, आणि त्या हसण्याचे मोल आम्ही कमी करीत नाही. तरीही चर्चच्या आवारातच बक्षिसाची गोडी पहिल्यांदा लागते आणि त्याच आवारात मांडवीची हकिकत सांगितली जाते, या दोन गोष्टी एकमेकींना अगदीच अनोळखी आहेत असे म्हणवत नाही. धर्मग्राम-परिषदांनी यावर बोलावे.

आमच्या भागात आणखी एक वाक्य फार खपते: शेती म्हणजे तरी काय, पावसाशी खेळलेला जुगारच. मग कांद्याचे पैसे जहाजावर नेले तर काय बिघडले? हे वाक्य ऐकायला शहाणपणाचे वाटते, पण ते खोटे आहे. शेतकऱ्यापुढची अनिश्चितता त्याने निर्माण केलेली नसते. तो कष्ट करतो, बी पेरतो, आणि वाईट वर्षातही त्याच्या कामातून कोणाच्या तरी ताटात काही जाते. चक्राची अनिश्चितता मुद्दाम तयार केलेली असते, आणि ती तयार करणाऱ्यापुरती ती अनिश्चित नसतेच. राहुरी किंवा नेवाशाच्या शेतकऱ्याने भाव पडलेल्या वर्षी हे वाक्य चिडून म्हटले तर ते दुःख आहे. त्याच्या मुलाने धक्क्यावर म्हटले तर ती पळवाट आहे. शब्द तेच, बोलणारा बदलला की वाङ्मयीन मूल्यही बदलते.

नोव्हेंबर २०२४ ते जानेवारी २०२५ या काळात जुन्या गोव्यात संत फ्रान्सिस झेवियरच्या पवित्र अवशेषांचे दर्शन झाले. आपल्या नाशिक धर्मप्रांतातूनही भाविक गेले. पणजीहून जुन्या गोव्याकडे जाणारा रस्ता मांडवीच्या कडेने जातो. म्हणजे यात्रेकरू आणि खेळायला आलेला यांना एकच नदी दिसते. यावरून एक मोठा विरोध उभा करण्याचा मोह कोणत्याही लेखकाला होईल. आम्ही तो टाळतो, कारण यात्रेच्या हकिकतींचा साचाही आम्हांला ठाऊक आहे. मागितले, नवस केला, मिळाले: येथेही जिंकलेला आकडाच अचूक असतो. हरेगावच्या मतमाउलीच्या यात्रेत किती जणांनी मागितले आणि मिळाले नाही, आणि तरी पुढच्या सप्टेंबरात ते पुन्हा आले, त्यांच्यावर कोणी लिहिले आहे काय? ती माणसे नशीब आजमावायला आलेली नसतात. ती का येतात, हे सांगणारी कथा मांडवीच्या हकिकतीला खरे उत्तर देऊ शकेल; नवस फेडल्याची कथा देऊ शकणार नाही.

एक गैरसमज दूर करणे आवश्यक आहे. चांगली कादंबरी वाचली की माणूस सुधारतो, असे सुचवण्याचा आमचा हेतू नाही. 'जुगारी' ज्याच्या तोंडून बाहेर पडली त्याला तरी तिने सुधारले नाही. १८६७ च्या उन्हाळ्यात, नव्या पत्नीसह बाडेन-बाडेनला असताना, दोस्तोयेव्हस्की तिचे दागिने गहाण टाकून खेळत होता. त्याचा खेळ सुटला तो १८७१ मध्ये. सारे समजलेला माणूस पाच वर्षे तसाच खेळत राहिला. जाणीव आणि मुक्ती यांत एवढे अंतर असते.

मग अशा लेखनाकडून मागायचे काय? आम्ही एवढेच मागतो की ते घरापर्यंत यावे. नगर जिल्ह्यातील वाचकाला याचा नमुना शोधायला रशियात जावे लागत नाही. लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे' १९३४ पासून भागाभागाने प्रसिद्ध झाली. नारायण वामन टिळक न सांगता घर सोडून जात, हातचे पैसे दुसऱ्याला देऊन टाकत. तो जुगार नव्हता, आणि टिळकांची बरोबरी आम्ही कोणा जुगाऱ्याशी करीत नाही. परंतु जाणाऱ्याच्या प्रवासाची गोष्ट मागे राहिलेल्या बाईने सांगितली की ती किती वेगळी होते, किती हसरी आणि किती हिशेबी, हे त्या पुस्तकाने मराठीला दाखवले. मांडवीच्या हकिकतीत अशी बाई नाही. सोमवारी पहाटे बस लागते तेव्हा दार कोण उघडते, चहा कोण ठेवते आणि विचारायचे काय, हे कोण मनातल्या मनात ठरवते, ते निवेदकाला दिसलेले नाही.

आन्ना ग्रिगोर्येव्हनाने बाडेन-बाडेनच्या त्या दिवसांत एक रोजनिशी ठेवली. नवरा सकाळी किती घेऊन गेला, दुपारी काय घेऊन आला, कोणती कर्णभूषणे गेली, घरभाडे किती थकले, तो रडला का, आपण त्याला काय म्हणालो. 'जुगारी' जिने उतरवून घेतली त्याच हाताने आणि त्याच लघुलिपीत ती लिहिलेली आहे, म्हणून नवऱ्याला ती वाचता येत नव्हती.